२० केबी रॅम आणि ७०,००० बाईटचा मेसेज: छोट्या एमक्यूटीटी लायब्ररीत स्ट्रीमिंग बसवतानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातली एक छोटी टीम आहे, नावं सोडून देऊ. ठिबकचे कंट्रोलर बनवतात, बराचसा माल नाशिक आणि सांगलीकडच्या द्राक्षबागांत लागलेला. बोर्डवर एसटीएम३२ एफ१०३ सीबी हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे १२८ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम, बाजूला ४ एमबीची एसपीआय फ्लॅश, आणि यूआर्टवर (साध्या सिरियल तारेवर) एक फोरजी मोडेम. टीसीपी आणि टीएलएस (नेटवर्क आणि एन्क्रिप्शनचं काम) मोडेमच्या आतच चालतं, मायक्रोकंट्रोलरने फक्त एटी कमांड मारून बाईट काढून घ्यायचे. वर एमक्यूटीटी ३.१.१, म्हणजे ब्रोकर नावाच्या मधल्या सर्व्हरवर टॉपिक लावून मेसेज टाकायचा (पब्लिश) आणि ज्यांनी तो टॉपिक मागून ठेवलाय (सबस्क्राईब) त्यांना तो मिळायचा, असा प्रोटोकॉल. आता कोणी म्हणेल जास्त रॅमची ईएसपी३२ चिप का नाही वापरली, पण हजारो बोर्ड आधीच बागांमध्ये पेट्यांत बसलेत, तेव्हा जे आहे त्यातच भागवायचं होतं.

एमक्यूटीटीची लायब्ररी त्यांची स्वतःची, सी मध्ये लिहिलेली. आत ५१२ बाईटचा एकच बफर, येणारं-जाणारं सगळं त्यातूनच. मेसेज पूर्ण आला की कॉलबॅक लागतो, म्हणजे लायब्ररी ॲप्लिकेशनचं फंक्शन बोलावते आणि त्याला देते: टॉपिक, पेलोडचा (आतल्या मजकुराचा) पॉइंटर, लांबी. अर्डुइनोवाल्यांना ही रचना तोंडपाठ असेल, पबसबक्लायंट पण साधारण असंच देतं आणि तिथे बफर मुळात २५६ बाईटचाच असतो. "व्हॉल्व्ह ३ चालू", "मोटर बंद" एवढंच बोलायचं असतं तेव्हा ५१२ बाईट म्हणजे चैन आहे.

अडचण

पहिली गरज अगदी सरळ होती. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की पाण्याचं आणि खताचं सगळं वेळापत्रक बदलतं. १६ व्हॉल्व्ह, ४ शिफ्ट, म्हणजे ६४ नोंदी, आणि एक नोंद जेसनमध्ये (मजकुरी फॉरमॅटमध्ये) साधारण ८० बाईट, म्हणजे ५ केबीच्या वर. ॲप तोपर्यंत एकेका व्हॉल्व्हचा मेसेज वेगळा पाठवायचं आणि मध्येच लाईट गेली की अर्धे व्हॉल्व्ह नव्या वेळापत्रकावर नि अर्धे जुन्या, मग शेतकऱ्याचा फोन की "साहेब, खालच्या प्लॉटला पाणीच गेलं नाही". तेव्हा अख्खं वेळापत्रक एकाच मेसेजमध्ये यावं आणि लागू झालं तर पूर्ण लागू व्हावं, नाहीतर अजिबात नको, अशी मागणी आली.

याची चर्चा चालू असतानाच दुसरी भानगड झाली, आणि खरं डिझाईन तिनेच घडवलं. सर्व्हरच्या बाजूने ओटीए अपडेटचा (नेटवर्कवरूनच फर्मवेअर बदलायचा) प्रयोग म्हणून एक फर्मवेअर बेस६४ करून, म्हणजे बायनरी साध्या अक्षरांत लिहून, मेसेजमध्ये टाकलं गेलं. इमेज ५२ केबीच्या आसपास, बेस६४ मध्ये तिची चार-तृतीयांश होते, म्हणजे मेसेज ७०,००० बाईटच्या घरात. टेस्टच्या बोर्डांसाठी होता, पण काही जुने बोर्ड आपल्या आयडीखालचं सगळंच वाइल्डकार्डने सबस्क्राईब करून बसलेले, त्यांच्याकडेही तो गेला.

आता ५१२ चा बफर आणि ७०,००० चा मेसेज, तर लायब्ररीने तो सरळ टाकून द्यायला हवा होता ना? तसा कोड होताही. पण एमक्यूटीटीच्या पॅकेटमध्ये पहिल्या बाईटनंतर जी उरलेली लांबी येते, ती १ ते ४ बाईटमध्ये, प्रत्येकात ७ बिट अशी लिहिलेली असते आणि २६,८४,३५,४५५ पर्यंत जाऊ शकते. लायब्ररीत ती १६ बिटच्या व्हेरिएबलमध्ये साठवत होते. ७०,००० मधून ६५,५३६ वजा झाले आणि हातात राहिले ४,४६४. लायब्ररीने इमानदारीत ४,४६४ बाईट टाकून दिले आणि म्हणाली चला, आता पुढचं पॅकेट.

पुढचं पॅकेट म्हणजे अजून बेस६४ चाच मजकूर. इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. आस्की मधला '0' हा अंक हेक्समध्ये ३० असतो, आणि एमक्यूटीटीमध्ये ३० म्हणजे नेमका पब्लिश पॅकेटचा पहिला बाईट. '2' म्हणजे ३२, क्यूओएस १ चा (पोच मागणारा) पब्लिश. म्हणजे मजकुरातला शून्य समोर आला की पार्सरला तो अगदी सभ्य नवा मेसेज वाटतो. पुढचं अक्षर समजा 'T' असेल तर लांबी ८४. मग टॉपिकच्या लांबीचे दोन बाईट, आणि फर्मवेअरमध्ये शून्यांच्या लांबच लांब रांगा असतात त्या बेस६४ मध्ये 'AAAA' होतात, म्हणजे टॉपिकची लांबी १६,७०५. ८४ बाईटच्या पॅकेटमध्ये १६,७०५ बाईटचा टॉपिक! हे कोणी तपासतच नव्हतं.

शेवटी कुठेतरी गोंधळ होऊन कनेक्शन तुटायचं. मेसेज क्यूओएस १ चा आणि सेशन टिकाऊ (कनेक्शन तुटलं तरी ब्रोकर लक्षात ठेवतो), पबॅक, म्हणजे पोच, गेलेला नाही, म्हणून बोर्ड परत जोडला की ब्रोकर तोच मेसेज पुन्हा पहिल्या बाईटपासून पाठवणार. परत ४,४६४, परत गोंधळ, परत तुटणार. बोर्ड दिवसभर ऑनलाईन-ऑफलाईन करत राहिले आणि डेटा पॅक संपले. ब्रोकरवरून ते सेशन हाताने उडवल्यावर थांबलं.

समोर असलेले पर्याय

पहिला सल्ला अर्थात "अरे, बफर वाढव ना". २० केबीचा हिशोब मांडला: टास्कचे स्टॅक, यूआर्टचा रिंग बफर, बाहेर जाणाऱ्या मेसेजची रांग, सेन्सरच्या नोंदी वगैरे जाऊन ५ केबीच्या आसपास मोकळे. त्यात ५ केबीचं वेळापत्रक कसंबसं बसलं असतं आणि पुढच्या वर्षी खताचे कॉलम वाढले की परत तेच रडगाणं. मॅलॉक वापरा, म्हणजे लागेल तेव्हाच रॅम मागा, असंही कोणीतरी सुचवलं, पण महिनोन्महिने न रीबूट होता चालणाऱ्या डब्यात एवढ्याशा हीपमधून ५ केबीचा सलग तुकडा मागायचा म्हणजे एक दिवस नक्की नाही मिळणार, आणि तो दिवस छाटणीच्या हंगामातच येणार.

दुसरा पर्याय, सर्व्हरनेच तुकडे करून पाठवायचे, १२ पैकी तुकडा १ वगैरे. लायब्ररीला हात लावायची गरज नाही. पण मग क्यूओएस १ मध्ये एखादा तुकडा दोनदा येऊ शकतो तो सांभाळा, मधला राहिला तर परत मागा, आणि रिटेन्ड मेसेज वापरता येत नाही कारण ब्रोकर एका टॉपिकवर शेवटचा एकच मेसेज धरून ठेवतो. वेळापत्रक रिटेन्ड हवं होतं, बदललेला नवीन बोर्ड लावला की त्याला आपोआप मिळावं म्हणून. इथे हा पर्याय बाजूला पडला, पण मेला नाही, पुढे परत येतो.

तिसरा: मेसेज आला की ॲप्लिकेशनला एक वाचायची वस्तू द्यायची, त्याने हवं तसं वाचावं. अर्डुइनोच्या अधिकृत एमक्यूटीटी लायब्ररीत असंच आहे, कॉलबॅकमध्ये मेसेजची लांबी मिळते आणि पुढचे बाईट आपण रीड करत बसायचं. जेसन पार्सरला हे फार सोयीचं, थेट स्ट्रीममधून खातो. पण ॲप्लिकेशनने अर्धवट वाचून सोडलं तर उरलेलं लायब्ररीनेच ओतून टाकायला हवं, आणि कोणी वाचता वाचता तीन सेकंदांचा डिले टाकला तर तेवढा वेळ लायब्ररीला श्वास नाही.

चौथा: लायब्ररी ढकलणार. सुरुवात, तुकडा, तुकडा, तुकडा, शेवट, असे कॉलबॅक. ईएसपी३२ च्या ईएसपी-आयडीएफ मधली एमक्यूटीटी याच जातीची, तिथे प्रत्येक तुकड्यासोबत ऑफसेट आणि एकूण लांबी मिळते, आणि टॉपिक फक्त पहिल्या तुकड्यासोबत येतो, हे न कळल्यामुळे दुसऱ्या तुकड्याला टॉपिक रिकामा बघून चक्रावलेली बरीच मंडळी भेटतात.

जेसनऐवजी बायनरी पाठवा हा पाचवा पर्याय मीटिंगमध्ये एका वाक्यात निघाला आणि एका वाक्यात मेला, "ॲपवाले जेसन बदलणार नाहीत" म्हणून. त्याच्याकडे शेवटी येतो.

चौथा घेतला, पुढे स्ट्रीमिंग म्हणतोय ते हेच. मुख्य कारण हे की कंट्रोल लायब्ररीकडे राहतो: तुकडा दिला, कॉलबॅक परत आला, मध्ये पिंग (ब्रोकरला 'मी जिवंत आहे' असा इशारा) पाठवता येतो. आणि तिसऱ्या प्रकारची सोय कोणाला हवीच असेल तर ती चौथ्यावर बांधता येते.

निर्णय: सुरुवातीलाच हो की नाही

सुरुवातीच्या कॉलबॅकमध्ये टॉपिक आणि पेलोडची एकूण लांबी मिळते. एमक्यूटीटीमध्ये पेलोडची लांबी वेगळी लिहिलेली नसते, उरलेल्या लांबीतून टॉपिक आणि पॅकेट आयडी वजा करून काढावी लागते, पण पहिला पेलोड बाईट यायच्या आधी ती माहीत असते हे महत्त्वाचं. म्हणून नियम केला की ॲप्लिकेशनने इथेच सांगायचं, घेतो किंवा टाक. टाक म्हटलं की लायब्ररी उरलेले सगळे बाईट मोजून फेकून देणार, ७०,००० असोत की ७ लाख, रॅम तेवढीच. टॉपिकसाठी ९६ बाईट वेगळे ठेवले, त्याहून लांब टॉपिक आला तरी हीच टाकायची वाट. आणि टॉपिकची लांबी पॅकेटच्या उरलेल्या लांबीपेक्षा जास्त दिसली तर विचारायचं नाही, कनेक्शन लगेच तोडायचं, कारण आपण रुळावरून उतरलोय याची ती खूण आहे.

यावर वाद झाला तो वेगळाच: टाकलेल्या मेसेजला पबॅक द्यायचा का? न द्यावा असं मन म्हणतं, घेतलाच नाही तर पोच कसली. पण ३.१.१ मध्ये "नको" म्हणायची सोयच नाही. पबॅक नाही दिला तर परत जोडल्यावर तोच मेसेज दारात हजर, ऑनलाईन-ऑफलाईनचा खेळ परत. म्हणून ठरलं की टाकलेल्यालाही पबॅक, आणि वेगळ्या स्टेटस टॉपिकवर "अमुक लांबीचा मेसेज नाकारला" असा निरोप. एमक्यूटीटी ५ मध्ये पबॅकसोबत कारणाचा कोड पाठवता येतो, तिथे हे सगळं नीट होतं, पण तो ब्रोकर बदलायचा विषय होता.

निर्णय: पोच कधी द्यायची

घेतलेल्या मेसेजचा पबॅक शेवटच्या कॉलबॅकनंतरच. शेवटच्या कॉलबॅकमधून ॲप्लिकेशन तीनपैकी एक उत्तर देतं. झालं, कायमचं नाही जमणार (जेसन मोडकं आहे, सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, जुळत नाही), किंवा आत्ता नाही जमलं (फ्लॅशवर लिहिताना एरर). पहिल्या दोन्हींना पबॅक जातो, कारण मोडकं जेसन शंभर वेळा आलं तरी मोडकंच राहणार. तिसऱ्याला पबॅक न देता कनेक्शन तोडून थोड्या वेळाने परत जोडायचं, म्हणजे ब्रोकर पुन्हा देईल. ही सूट एका मेसेजसाठी तीनदाच, त्यानंतर तेही कायमचं समजायचं. आकडा तीनच का याला काही शास्त्र नाही, कुठेतरी थांबायला हवं म्हणून.

क्यूओएस २ सरळ वगळला. चार पॅकेटची देवघेव आणि पॅकेट आयडी रीबूटनंतरही लक्षात ठेवायचे, एवढं करून मिळतं काय तर दोनदा न येण्याची हमी, आणि वेळापत्रक दोनदा लागलं तर काहीच बिघडत नाही. सबस्क्राईब करतानाच कमाल १ सांगितलं की ब्रोकर तिथेच उतरवून पाठवतो.

निर्णय: वेग कोणी ठरवायचा

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता. मोडेम दोन प्रकारे डेटा देतो. एकात आला की लगेच यूआर्टवर ओततो, दुसऱ्यात स्वतःकडे धरून ठेवतो आणि आपण एटी कमांडने मागू तेवढाच देतो, एका वेळी दीड हजार बाईटपर्यंत. जुना कोड पहिल्या प्रकारावर होता कारण सोपा आहे.

आता गणित बघा. यूआर्ट १,१५,२०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाईट. एसपीआय फ्लॅशचा ४ केबीचा सेक्टर पुसायला साधारण ४५ मिलिसेकंद लागतात, आणि डेटाशीट वाचली तर वाईटात वाईट ४०० सुद्धा. ४५ मध्ये ५१८ बाईट येऊन पडतात, ४०० मध्ये ४,६०८. रिंग बफर २ केबीचा. म्हणजे टेबलावर नवीन फ्लॅश चिप घेऊन टेस्ट केलं तर सगळं गुळगुळीत चालणार आणि उन्हात तापलेल्या, कित्येक वेळा पुसून झालेल्या चिपवर मधलेच बाईट गळणार. टीसीपीने सगळं नीट पोचवलंय, गळती शेवटच्या दहा सेंटिमीटरच्या तारेत! आरटीएस-सीटीएस (समोरच्याला 'थांब' सांगणाऱ्या लाईन) जोडलेले असते तर प्रश्न नव्हता, पण बोर्डवर त्या दोन लाईन मोडेमपर्यंत गेलेल्याच नाहीत.

म्हणून मागून घ्यायचा प्रकार. २५६ बाईट मागायचे, ॲप्लिकेशनला द्यायचे, त्याचं पुसणं-लिहिणं होऊ दे, मग पुढचे २५६. आपण मागितलं नाही की मोडेमचा बफर भरतो, टीसीपीची विंडो आक्रसते, ब्रोकर आपसूक थांबतो. वेगळा फ्लो कंट्रोल लिहावा लागला नाही.

मग कीपअलाईव्हची गंमत. ब्रोकर बघतो की क्लायंटकडून काही आलं का, ठरलेल्या वेळेच्या दीडपट वाट बघून कनेक्शन तोडतो. तो स्वतः आपल्याला मोठा मेसेज पाठवतोय हे त्याच्या हिशोबात धरत नाही. म्हणजे मोठा मेसेज घेत असतानाही पिंग पाठवायलाच हवा, आणि त्याला अडचण काही नाही, बाहेर जाणारी वाट मोकळीच आहे, फक्त त्यासाठी बाहेरचा बफर वेगळा हवा. एकच बफर दोन्हीकडे वापरायची जुनी सवय इथे मोडली. पण पिंगचं उत्तर येणार त्या मोठ्या मेसेजच्या मागून! लायब्ररी १० सेकंद वाट बघून "ब्रोकर मेला" म्हणत चांगलं कनेक्शन तोडत होती, स्लो नेटवर्कवर तर हमखास. शेवटी केलं असं की एखादं पॅकेट अर्ध्यात असताना पिंगच्या उत्तराचं घड्याळ थांबवायचं, आणि त्याऐवजी शेवटचा बाईट येऊन किती वेळ झाला ते बघायचं. ३० सेकंद एकही बाईट नाही तर तोडा.

निर्णय: शेवट आणि अर्धवट शेवट

शेवटच्या कॉलबॅकला सुरुवातीला फक्त "संपलं" एवढंच होतं. त्यात स्थिती घातली: पूर्ण, कनेक्शन तुटलं, वेळ संपली, प्रोटोकॉल बिघडला. आणि करार असा की सुरुवातीला हो म्हटलं असेल तर शेवटचा कॉलबॅक एकदा आणि एकदाच लागणारच, काहीही झालं तरी. हा नियम लिहायला एक ओळ, पाळायला बराच कोड, कारण कनेक्शन तुटण्याच्या जागा लायब्ररीभर पसरलेल्या होत्या, त्या सगळ्या एका फंक्शनमध्ये आणाव्या लागल्या.

लाईट गेली तर मात्र कसला कॉलबॅक. शेतीच्या फीडरला थ्री फेज पाळीपाळीने येते, कधी दिवसा कधी रात्री, आणि बोर्ड त्याच लाईनवर. म्हणून वेळापत्रक एसपीआय फ्लॅशमध्ये दोन जागी: चालू असलेल्याला हात लावायचा नाही, नवीन दुसऱ्या जागेत लिहायचं, शेवट "पूर्ण" आला आणि सीआरसी जुळला की एक छोटी नोंद बदलायची. मध्येच अंधार झाला तर उठल्यावर जुनंच वेळापत्रक, आणि पबॅक गेलेला नाही म्हणून नवीन परत येणारच.

टेस्टिंग

आवडलेला भाग हा. लायब्ररीचा पार्सर पीसीवर कंपाईल होतो, मोडेमच्या जागी एक नकली सोर्स. प्रत्येक मेसेज १ बाईटच्या तुकड्यांनी, मग २, ३, ७ च्या, मग रँडम. आणि प्रत्येक मेसेज प्रत्येक बाईटवर तोडून बघायचा, शेवटचा कॉलबॅक बरोबर एकदाच लागतो का.

लायब्ररी लवकर पास झाली, ॲप्लिकेशन नाही. "मिनिटं: १२०" मधले अंक दोन तुकड्यांत विभागले गेले, पहिल्यात १२ आणि दुसऱ्यात ०, आणि नोंद झाली १२ मिनिटांची. जेसनचं पार्सिंग बाईट-बाय-बाईट स्टेट मशीनने करायला लागलं ते यामुळे. दुसरी गंमत डिस्प्लेवरच्या मराठी सूचनांची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाईट घेतं, "पाणी" मध्ये चार चिन्हं म्हणून १२ बाईट. तुकडा २५६ चा, आणि २५६ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून २५६ व्या बाईटवर एक अक्षर चिरलं जाणार आणि स्क्रीनवर त्या जागी दोन चौकोन. सगळं इंग्रजीत टेस्ट केलं असतं तर हे कधी दिसलंच नसतं.

लहान मेसेजसाठी जुना कॉलबॅक तसाच ठेवला, ४०० बाईटपर्यंत गोळा करून एकदम देणारा, पण तो आतून स्ट्रीमिंगवरच बांधलाय.

काय निघालं

वेळापत्रकाचं काम चोख झालं. एका मेसेजमध्ये पूर्ण लागतं, "अर्धे व्हॉल्व्ह जुने" ही तक्रार बंद झाली. जुन्या कॉलबॅकचे ४०० बाईट सोडले तर लायब्ररीची रॅम उलट थोडी वाचली, कारण ५१२ च्या एका बफरऐवजी २५६ चा आत यायला आणि १२८ चा बाहेर जायला, आणि वरचे ९६ टॉपिकचे.

फर्मवेअर मात्र स्ट्रीमिंगने पाठवलं आणि महिन्याभरात काढून टाकलं. कारण रॅम नव्हतं. एमक्यूटीटीमध्ये मेसेज अर्ध्यातून पुढे चालू करता येत नाही, ९५ टक्क्यांवर कनेक्शन तुटलं की परत शून्यापासून, आणि रेंज कमी असलेल्या बागेत ते पूर्ण होईचना. त्याहून वाईट हे की मोठा मेसेज येत असताना त्याच्या मागे "मोटर बंद" अडकतो. गाळप हंगामात उसाचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असला की मागची अँब्युलन्सही त्याच्याच वेगाने जाते, तसं. विहिरीचं पाणी संपलंय, शेतकरी ॲपवर बंद-बंद दाबतोय आणि बोर्ड फर्मवेअर गिळतोय, हे चालण्यासारखं नव्हतं.

तिथे दुसरा पर्याय परत आला, उलट्या दिशेने: बोर्ड स्वतः एकेक केबीचा ब्लॉक मागतो, सर्व्हर देतो. तुटलं तर पुढचा ब्लॉक मागायचा, मध्ये कमांड आली तर ती आधी. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस आयओटी मध्येही फाईल पोचवायची सोय अशीच आहे, ब्लॉक मागून घ्यायची, आणि तिथे एका मेसेजला १२८ केबीची मर्यादा आहेच. स्ट्रीमिंगवर १६ केबीची मर्यादा घातली, त्यावरचं काहीही सुरुवातीलाच टाक.

वेगळं काय करता आलं असतं

बायनरीचा पर्याय एका वाक्यात मारायला नको होता. एक नोंद ८ बाईटमध्ये बसते: व्हॉल्व्ह, सुरू व्हायची वेळ, मिनिटं, खत. ६४ नोंदी म्हणजे ५१२ बाईट. बफर ७०० चा केला असता तर वेळापत्रकाचा प्रश्न एका दुपारी संपला असता. ॲपवाल्यांना जेसनच हवं होतं तर सर्व्हरने मध्ये बदलून दिलं असतं. आणि फर्मवेअर ब्लॉकने जाणार असं आधीच ठरलं असतं तर मोठे मेसेज उरले किती? डिस्प्लेच्या सूचना आणि अधूनमधून बदलायचं सर्टिफिकेट.

मग स्ट्रीमिंग फुकट केलं का? माझं मत, आतलं स्ट्रीमिंग नाही. ब्रोकरवर कोणीही कितीही मोठा मेसेज टाकू शकतो आणि लायब्ररीला तो साठवता नाही आला तरी मोजून पार करता यायलाच हवा, आपण रुळावर आहोत हे न विसरता. तेवढ्यासाठी पार्सर बाईट-बाय-बाईट चालणारा, ३२ बिटची लांबी धरणारा आणि टाकायची वाट असलेला हवाच, बोर्ड २० केबीचा असो की ५२० चा. तुकड्यांचा कॉलबॅक ॲप्लिकेशनसाठी उघडायचा की नाही हा मात्र स्वतंत्र प्रश्न होता, आणि टीमने दोन्ही एकच समजून ठरवले. उघडला नसता तर १२० चे १२ आणि चिरलेली अक्षरं ही डोकेदुखी ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांच्या वाट्याला आलीच नसती.

आणि पर्याय मांडतानाच "हा अर्ध्यात तुटला तर" आणि "याच्या मागे काय अडकेल" हे दोन कॉलम टेबलात असायला हवे होते. तिथे फक्त रॅम आणि लागणारे दिवस होते.

सध्या ब्रोकर एमक्यूटीटी ५ वर न्यायचं चाललंय. तिथे क्लायंट जोडतानाच सांगू शकतो की अमुक बाईटपेक्षा मोठं पॅकेट मला पाठवू नकोस, म्हणून कोणीतरी विचारलं की आता टाकायची वाट काढून टाकू का. काढलेली नाही. त्या सोयीत मोठा मेसेज ब्रोकर स्वतःच टाकून देतो आणि पोचला असं समजून पुढे जातो, बोर्डला पत्ताही लागत नाही, नाकारल्याचा निरोपही जात नाही. म्हणून ब्रोकरला सांगायची मर्यादा ६४ केबी ठेवली आहे आणि बोर्डची स्वतःची १६ केबीच, म्हणजे मधल्या मापाचं काही चुकून आलं तर ते बोर्डपर्यंत येईल, टाकलं जाईल, आणि नाकारल्याचं स्टेटसवर दिसेल.